लाह्यांना भडंगाची फोडणी

मैत्रिणींनो, पॉपकॉर्न म्हटलं की आपल्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. दाणे फुटले, वरून मीठ भुरभुरलं, झालं. फार तर एखादी हौशी बाई लोण्याचा गोळा सोडते. एरवी पोह्यांचे पाच प्रकार करणाऱ्या आपण, एका वांग्याच्या सात भाज्या करणाऱ्या आपण, या मक्याच्या लाह्यांपुढेच आपली अक्कल का बरं संपते? मला वाटतं, त्यांचं नाव इंग्रजी आहे म्हणून. थिएटरातून घरात आलेला पदार्थ थिएटरातल्यासारखाच खायचा असतो, असं आपण मनाशी धरून बसलोय.

मी या लाह्यांच्या मागे लागले ती मात्र हौसेने नव्हे. आमच्या घरी सासूबाईंचं वय शहात्तर. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, पायांवर सूज दिसू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. पापड बंद, लोणचं बंद, बाजारचं फरसाण आणि भडंग तर नावच काढू नका. आता कोल्हापुरात जन्म काढलेल्या बाईला भडंग खाऊ नका म्हणायचं! दुपारी चारला चहा आणि वाटीभर भडंग, समोर कट्ट्यावर शेजारच्या दोघी-तिघी, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम.

जेवणाचं मी कसंबसं जमवलं. आमटीत मीठ कमी, आंबट थोडं जास्त, भाकरी बिनमिठाची. (आमची भाकरी तशीही बिनमिठाचीच असते म्हणा.) अडलं ते या चारच्या चहाला. मी त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत बिनमिठाचे चिरमुरे भाजून ठेवायची आणि त्या वाटीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. एक दिवस म्हणाल्या, "माझं वायलं काढू नगंस. वायलं खायाला मी काय पाव्हणा हाय? गोळ्या खातो की मी. आता खाणं पण गोळीसारखंच खाऊ व्हय?" (आमच्याकडे जुन्या बायका स्वतःबद्दल 'खातो, जातो' असंच बोलतात, बाहेरच्या मैत्रिणींना गंमत वाटेल.) त्यानंतर त्या चहाला बाहेर यायच्याच बंद झाल्या. खोलीतच कप मागवायच्या.

तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी हे चालू असेल याची मला कल्पना आहे. सासूचं नसेल तर नवऱ्याचं, नवऱ्याचं नसेल तर स्वतःचं. पथ्याच्या माणसाला त्रास होतो तो चवीचा थोडा आणि वेगळ्या वाटीचा जास्त. म्हणून मी ठरवलं, चारला घरात जे होईल ते एकाच परातीत होईल आणि सगळे तेच खातील. मग ते सगळ्यांना आवडलं पाहिजे, आणि तरी त्यात मीठ नावालाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, त्यातच भाजी, आमटी, चटणी, बिस्किट, पाव सगळं आलं. त्या हिशेबात चारच्या खाण्याच्या वाट्याला किती उरतं ते तुम्हीच बघा.

चिरमुऱ्यांपेक्षा मक्याच्या लाह्या मला यासाठी बऱ्या वाटल्या, कारण त्या घरी फोडता येतात आणि त्यात आपण घालू तेवढंच मीठ जातं. बाजारच्या चिरमुऱ्यांत मीठ बहुधा आधीच असतं. मायक्रोवेव्हमध्ये फोडायच्या पाकिटाचंही तसंच, त्याच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, एकदा वाचून बघा. किराणा दुकानात सुटा मिळतो तो पॉपकॉर्नचा मका आणा. साधा, पिठाचा मका चालत नाही, त्याचं साल तितकं टणक नसतं.

आणि मीठ हवंच, हे तरी कुणी ठरवलं? १८९३ साली शिकागोला जे जागतिक प्रदर्शन भरलं, ज्याच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद झाली आणि विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्स नावाच्या गृहस्थाने लाह्या फोडण्याचं वाफेवर चालणारं यंत्र आणलं होतं. त्यात दाणे चरबी, लोणी आणि मीठ यांतच फुटायचे. पुढे हे खाणं सिनेमाच्या खुर्चीपर्यंत पोचलं आणि तिथून आपल्याकडे आलं. म्हणजे मीठ-लोणी ही त्या यंत्राची सवय. आपल्याला ती पाळायचं काही कारण नाही. लाह्या आपल्याला नव्या थोड्याच आहेत!

नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरी फोडलेल्या तुमच्यापैकी काहीजणींना आठवत असतील. ज्वारी उकळत्या पाण्यातून काढायची, निथळून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी किंचित सुकवून तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकायची आणि फडक्याच्या बोळ्याने दाबत हलवायची. रात्रभर बांधून का ठेवायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं मक्यामुळे. दाण्याच्या आत थोडं पाणी असतं, लाह्यांच्या मक्यात साधारण शंभरात तेरा-चौदा भाग. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, टणक सालामुळे ती अडकते, आणि १८० अंश सेल्सियसच्या आसपास साल फाटून आतला पिठूळ भाग फुलून बाहेर येतो. पाणी कमी पडलं की दाणा करपतो पण फुटत नाही. आपल्या आज्या ज्वारीला हेच पाणी पाजत होत्या.

त्यावरून एक उपयोगाची गोष्ट. डब्यात राहून जुना झालेला मका फुटेनासा झाला तर टाकू नका. पाव किलो दाण्यांवर चहाचा एक चमचा पाणी शिंपडा, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून हलवा, दोन-तीन दिवस ठेवा, मधूनमधून हलवत राहा. निम्म्याहून जास्त दाणे पुन्हा फुटायला लागतात.

फोडायची रीत बहुतेकींना माहीत आहे, पण दोन गोष्टी सांगते. जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. कुकर घेतलात तर त्याचं स्वतःचं झाकण मुळीच लावू नका, वर सैल ताटली ठेवा. दोन चमचे तेलात आधी तीन दाणे टाका, ते फुटले की अर्धी वाटी दाणे घाला. ताटली किंचित कलती ठेवा म्हणजे वाफ जाईल. वाफ कोंडली की लाह्या चिवट होतात आणि मग कितीही चांगला मसाला घाला, दाताखाली रबर. आवाज दोन-तीन सेकंदांवर गेला की गॅस बंद करा आणि लाह्या लगेच परातीत पसरा. डब्यात नाही, परातीत! अर्ध्या वाटीच्या लाह्या आमच्या पाच माणसांना चहाबरोबर पुरतात.

आता मसाला. लाह्यांवर नुसता मसाला भुरभुरला तर तो परातीच्या तळाशी जाऊन बसतो, हा अनुभव सगळ्यांना असेल. मग आपण आणखी मीठ घालतो, आणखी तिखट घालतो, आणि शेवटच्या माणसाच्या वाटीत सगळा मसाला एकदम येतो. कोरड्या लाहीला कोरडी पूड चिकटत नाही. तिला तेला-तुपाचा हलका हात लागतो, आणि पूड पिठासारखी बारीक लागते. मीठ तर आधी खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं करून घ्याच. जिभेला कळतं ते तिला लागलेलं मीठ, खड्याच्या पोटातलं नव्हे. बारीक केलेलं पाव चमचा मीठ मला परातभर पुरतं. तेच पाच जणांत वाटलं की माणशी चिमूटभरसुद्धा येत नाही.

पाण्याचा थेंबही चालत नाही, हे लक्षात असू द्या. भेळेवर पिळतो तसं लिंबू पिळलंत तर लाह्या जागच्या जागी बसतात. आंबट हवंच असतं, कारण मीठ कमी असताना आंबटपणाच चव उचलून धरतो. त्यासाठी आमचूर घ्या. आमसुलं वाळवून पूड करायचा मोहही मला झाला होता, कोकण काय घाटाखालीच आहे. पण आमसुलाला करतानाच मीठ लावलेलं असतं, तेव्हा पथ्याच्या घरी ते नको.

आमच्याकडे शेवटी जी जमली ती भडंगाचीच फोडणी. लाह्या परातीत पसरून ठेवा. छोट्या कढईत दोन चमचे तेल, त्यात मूठभर शेंगदाणे खमंग होईपर्यंत. मग लसणाच्या आठ-दहा पाकळ्या सालीसकट ठेचून. सालीसकटच, सोलायचा शहाणपणा करू नका, ती कुरकुरीत साल हाच भडंगाचा जीव. लसूण तांबूस झाला की कढीपत्त्याची पानं, पुसून अगदी कोरडी केलेली, नाहीतर तेल अंगावर येतं. हिंग, पाव चमचा हळद. आणि आता गॅस बंद. तेल अर्धा मिनिट निवू द्या, मगच चमचाभर लाल तिखट. उकळत्या तेलात तिखट टाकलंत तर ते काळं पडतं आणि अख्खा वाडा खोकत बसतो. अर्धा चमचा आमचूर, चिमूटभर पिठीसाखर, ते पाव चमचा मीठ. ही फोडणी लाह्यांवर फिरवून ओता आणि दोन्ही हातांनी खालून वर, खालून वर करत राहा. घाई नको. मसाला शेवटच्या लाहीपर्यंत जायला दोन-तीन मिनिटं लागतात.

तिखटाऐवजी आपली कोल्हापुरी चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, घातला तर बहारच. पण इथे एक पेच आहे. त्या चटणीत मीठ भरपूर असतं, त्याशिवाय ती वर्षभर टिकत नाही. आपण वरून मीठ घातलं नाही म्हणून खुशीत असतो आणि चटणीतून ते पोटात जातंच. मी गेल्या उन्हाळ्यापासून काय करते, वर्षाची चटणी डंकावर कुटून आणली की मीठ मिसळायच्या आधी एक बरणी बाजूला काढते. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा झटका, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण सगळं तेच, फक्त मीठ नाही. ती बरणी फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि थोडी थोडीच करावी. आमच्या डंकवाल्या बाईंनी पहिल्या वर्षी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुरणपोळी बिनगुळाची मागतेय. आता त्या स्वतःच विचारतात, "वहिनी, अळणी बरणी आणलीया न्हवं?"

दुकानात कमी सोडियमचं म्हणून एक मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियमचा क्षार असतो. ज्यांची मूत्रपिंडं नाजूक आहेत त्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. मी आणलेलं नाही.

आत्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. पहिल्या दिवशी मी काहीच बोलले नाही. परात चहाच्या वेळी कट्ट्यावर नेऊन ठेवली. फोडणीचा वास खोलीत गेलाच असणार. पाच मिनिटांनी त्या दाराशी आल्या, परातीकडे बघितलं, आमच्या ह्यांच्या हातातल्या वाटीकडे बघितलं. "समद्यांचं ह्येच?" "हेच," मी म्हटलं. मग बसल्या. दोन लाह्या खाऊन म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." आणि खात राहिल्या! ह्यांनी तोंड उघडलं होतं मिठाचा डबा मागायला, मी डोळ्यांनीच गप्प केलं. आता घरात कुणी मागत नाही. लाह्यांनी रक्तदाब उतरला असं मी मुळीच म्हणणार नाही, तो गोळ्यांनीच ताब्यात आहे आणि गोळ्या चालूच आहेत. पण कट्ट्यावर बैठक पुन्हा भरते, आणि शेजारच्या दोघी आता लसणीच्या साली वेचून खातात.

एक झालं की दुसरं सुचतं. कारळ्याची चटणी बिनमिठाची कोरडी कुटून, चाळणीने चाळून, तुपाचा हात लावलेल्या लाह्यांना लावली तर काळपट दिसते पण चव अशी की मुलांच्या मित्रांनी परात पुसून खाल्ली. जवसाचीही तशीच होते. दोन्हींना अंगचं तेल असतं, त्यामुळे त्या छान चिकटतात. मेतकूट आणि साजूक तूप हा माझा स्वतःचा आवडता प्रकार, पावसाळ्यात, बाहेर पंचगंगेला पाणी चढत असताना. भाजलेलं जिरं आणि मिरी सम प्रमाणात कुटून घातली तर मिठाची आठवणसुद्धा येत नाही. चाट मसाल्याच्या वाटेला मात्र मी जात नाही. त्यात सैंधव आणि पादेलोण ठासून असतं, आणि तीही मिठंच की! पिवळी भुकटी मारलेलं 'चीज'चं म्हणून जे मिळतं त्याबद्दल तर मी काही लिहितच नाही.

लहान मुलांच्या आयांनो, एक गोष्ट मात्र ऐकाच. चार वर्षांखालच्या मुलाला मक्याच्या लाह्या देऊ नका. न फुटलेला दाणा किंवा सालाचा तुकडा श्वासनळीत अडकू शकतो. मोठ्या मुलांनीही खेळताना, धावताना खाऊ नयेत, बसून खाव्यात. आणि घरात कवळीचं माणूस असेल तर मक्याचं साल कवळीखाली जाऊन फार टोचतं. त्यांच्यासाठी हीच फोडणी ज्वारीच्या लाह्यांना घाला. ज्वारीची लाही लहान, मऊ, पटकन विरघळणारी. श्रावणात तर ती बाजारात सहज मिळते. आत्यांचे दात अजून त्यांचे स्वतःचे आहेत, त्याचा त्यांना अभिमानही आहे. परातीत कुणाच्या दातात साल अडकलं की त्यांना कोण आनंद होतो!

गोडाचं राहिलं. कोल्हापुरात राहून लाह्यांना साखरेचा पाक करायचा म्हणजे पाप आहे. इथला गूळ काय साधा आहे? २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आठ वाट्या फुटलेल्या लाह्यांना अर्धी वाटी चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप. मंद आचेवर गूळ विरघळून फेसाळू लागला की थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकून बघा. मऊ गोळी झाली तर अजून वेळ आहे. कडक होऊन वाटीला टण् वाजली की गॅस बंद. वेलची, सुंठीची चिमूट, आणि लाह्या पटापट घोळा. न फुटलेले दाणे आधीच निवडून काढा, पाकात लपलेला दाणा दाढ पाडेल. तूप लावलेल्या हाताने लाडू वळायचे तर पाक गरम असतानाच, पण हात सांभाळा, गुळाचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट. लाडू नको असतील तर ताटलीवर पसरून गार झाल्यावर मोडा.

थिएटरात हेच साखरेत घोळवलेले मिळतात. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली तेव्हा मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकिटातल्याला १२ आणि साखरेतल्याला १८ टक्के, असा खुलासा झाला होता आणि देशभर हशा पिकला होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात करांचे टप्पेच बदलले. आमच्या परातीतल्या गुळाच्या लाह्यांना तेव्हाही कर नव्हता आणि आताही नाही. हे मला मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि पाचवा लाडू उचलत होते.

येत्या रविवारी करून बघणार असाल तर कारळ्याची चटणी शनिवारीच कुटून ठेवा. कारळं मंद भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय खलबत्त्यात घालू नका, गरम कुटली तर तिचा लगदा होतो आणि मग ती लाह्यांना नाही, बत्त्यालाच चिकटते.